‘एआय चुकत नाही’ म्हणे! मग पंचगंगा सांगलीत कुणी आणली?

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘शिक्षक बंधू-भगिनींनो, आता टाचण काढत बसू नका!’ अशी सुरुवात आणि मधेमधे रॉकेटची चित्रं. त्यातले दावे असे: वर्षभराचं टाचण, म्हणजे पाठांची लेखी तयारी, आणि कृतिपत्रिका एआयवर 5 मिनिटांत होतात. एआय सगळं तपासूनच देतं, त्यामुळे चूक होत नाही. वर्गाची यादी, गुण आणि अडचणी टाकल्या की प्रत्येक मुलाला वेगळी कृतिपत्रिका मिळते. तिसरीपासूनच्या मुलांना स्वतःचं खातं काढून द्यावं. आणि हे सगळं शासनानं सक्तीचं केलंय. शेवटी अर्थातच, ‘किमान 10 शिक्षकांना पाठवा’.

मी शिक्षक नाही. मिरजेत डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो, त्यामुळे आसपासच्या शाळांच्या प्रश्नपत्रिका माझ्या डोळ्यांखालून जातात. असले मेसेज मी एरवी वाचतही नाही. पण माझी भाची जत तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत नवी लागलीय. शनिवारची सकाळची शाळा उरकून ती आली आणि म्हणाली, “मामा, तिसरीच्या परिसर अभ्यासाचे एवढे कागद काढून द्या, सोमवारी वाटायचेत.” कागद त्या मेसेजच्या कृपेनं तयार झालेले. मी मशीन चालू करायच्या आधी वाचले, आणि बरं झालं वाचले.

पहिलंच वाक्य: ‘सांगली शहर कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या संगमावर वसले आहे.’ अहो, पंचगंगा कृष्णेला मिळते ती नरसोबाच्या वाडीला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात. सांगलीला लागून, हळदीच्या पेवांच्या हरिपुरात कृष्णेला मिळते ती वारणा. पुढे, ‘सांगली जिल्ह्याची स्थापना 1 मे 1960 रोजी झाली.’ ती तारीख महाराष्ट्र राज्याची. आपला जिल्हा 1949 मध्ये साताऱ्यातून वेगळा निघाला, दक्षिण सातारा या नावानं. 1960 मध्ये बदललं ते फक्त नाव. आणि तिसरं, ‘क्रांतिसिंह नाना पाटील यांचे येडेमच्छिंद्र हे गाव सातारा जिल्ह्यात आहे.’ आहे नव्हे, होतं. आज ते वाळवा तालुक्यात, सांगली जिल्ह्यात आहे.

ही तिसरी चूक मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती साफ खोटी नाही. नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या प्रतिसरकारबद्दल जे काही लिहिलं गेलंय त्यात सातारा, सातारा असंच येतं, आणि 1943 च्या हिशेबानं ते बरोबरच आहे. एआयची ही साधनं आधी पचवलेल्या अफाट मजकुरावरून पुढे कोणता शब्द येणं संभवतं ते ठरवत वाक्य रचतात. मजकुरात जे वारंवार आलंय तेच ती खात्रीनं सांगतात. जिल्ह्याच्या सीमा मधल्या काळात बदलल्या, हे ध्यानात ठेवणं हे वेगळं काम. काही साधनं हल्ली इंटरनेटवर शोधूनही उत्तर देतात, पण सापडलेलं पान खरं की खोटं याची पारख त्यात आपोआप येत नाही. बहुतेकांच्या पडद्यावर तळाशी बारीक अक्षरांत ‘चुका होऊ शकतात, तपासून घ्या’ असं लिहिलेलंच असतं. म्हणजे बनवणारे म्हणतात चुकतं, आणि मेसेज पाठवणारे म्हणतात चुकत नाही.

‘एवढ्या तेवढ्यानं काय होतं’ असं म्हणणारेही भेटतील. हरिपूरचा पोरगा हा कागद वाचून बाईंना हसेल. जतच्या पोरांचं तसं नाही. त्यांच्याकडे कृष्णा येते ती म्हैसाळ योजनेच्या पाण्यातून, तेही आलं तर. ती पोरं पंचगंगा पाठ करतील आणि परीक्षेत लिहितील. चूक ओळखायला उत्तर आधी ठाऊक असावं लागतं, आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्याच हातात आपण हा कागद देतोय. गंमत म्हणजे तिसरीच्या परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारतीनं जिल्ह्यावार वेगळं काढलेलं आहे. सांगलीचं पुस्तक भाचीच्या पिशवीतच होतं!

सोबत मुळाक्षरांचा एक रंगीत तक्ताही होता, एआयनंच काढलेला. ळ गायब, क्ष अर्धवट, आणि एक अक्षर असं की ते देवनागरीत कधी नव्हतंच. तो मी छापलाच नाही.

आता वेळेचं. इथं मला थोडं नमतं घ्यावं लागतं. वेळ वाचतो, हे खरं आहे. इंग्लंडच्या एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन या शिक्षणविषयक संस्थेनं 2024 मध्ये याची रीतसर चाचणी घेतली होती. 68 माध्यमिक शाळांमधले विज्ञानाचे 259 शिक्षक, अर्ध्यांना चॅटजीपीटी आणि ते कसं वापरायचं याची मार्गदर्शिका दिली, उरलेल्यांना दोन्ही नाही. पाठांच्या तयारीचा वेळ 31 टक्क्यांनी कमी झाला, आणि तज्ज्ञांना साहित्याच्या दर्जात फरक दिसला नाही. वा! पण 31 टक्के म्हणजे किती? आठवड्याला सुमारे 25 मिनिटं. मेसेजवाल्यांचं वर्षाचं काम 5 मिनिटांत, आणि तिकडे मार्गदर्शिका हातात घेऊन, इंग्रजीतून, आपापल्या विषयात मुरलेल्या शिक्षकांचा आठवड्यात अर्धा तासही वाचला नाही. चार वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या, बीएलओची, म्हणजे मतदार याद्यांची, कामं आणि ऑनलाइन माहिती भरून थकलेल्या बाईंना ती 25 मिनिटंही हवीच असणार, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणून तर असला मेसेज इतका पसरतो.

पण यादीचा दावा वाचून माझं डोकंच फिरलं. ‘विद्यार्थ्यांची नावे, गुण, पालकांचा मोबाईल, दिव्यांगत्व असल्यास तेही टाका.’ कशाला? हातच्याची बेरीज न येणाऱ्या मुलासाठी दहा गणितं हवी असतील तर ‘तिसरीतला मुलगा, हातच्याची बेरीज चुकतो’ एवढं पुरतं. त्यात नाव नको, आडनाव तर नकोच नको. आपल्याकडे आडनावावरून लोक काय काय काढतात ते सांगायला नको. फुकटच्या खात्यात टाकलेला मजकूर बऱ्याच कंपन्या एआयचं पुढचं मॉडेल शिकवायला वापरतात, आणि ते नको असेल तर आपणच सेटिंग शोधून बंद करावं लागतं. संसदेनं 2023 मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात 18 वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितलीय. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची संमती यांनी कुठं घेतली? पोराच्या मतिमंदत्वाचा दाखला त्याच्या आईनं शाळेत दिला तो सवलतीसाठी. उद्या तो कुठल्या देशातल्या संगणकावर पडलेला असेल हे तिला कोण सांगणार? भाचीनं सुदैवानं यादी टाकली नव्हती, पण टाकणार होती. “सगळेच टाकतायत,” म्हणाली.

तिसरीच्या मुलांना खाती काढून देण्याबद्दल फार बोलत नाही. युनेस्कोनं सप्टेंबर 2023 च्या मार्गदर्शिकेत वर्गात असली साधनं वापरायला किमान वय 13 असावं असं सुचवलंय. तिसरीतलं पोर आठ वर्षांचं असतं. विषय संपला.

भाचीला मी एवढंच सांगितलं, की कच्चा खर्डा एआयकडून घे, पण समोर बालभारतीचं पुस्तक उघडं ठेव. जतच्या सीमेकडच्या गावांत घरी कन्नड बोलणारी पोरं आहेत, त्यांच्यासाठी मराठी-कन्नड शब्दपट्ट्या करायला हे साधन खरंच कामी येईल, फक्त कन्नड जाणणाऱ्या कुणाकडून तरी नजर फिरवून घे. तसं तिनं केलंही आणि त्या पट्ट्या मी जाड कागदावर काढून दिल्या.

राहिला शासनाच्या सक्तीचा दावा. शासन निर्णयाला क्रमांक असतो, तारीख असते, आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येतो. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही. कुणाकडे तो क्रमांक असेल तर दुकानावर घेऊन या. जीआर छापून देतो, पैसे घेणार नाही.