तुमचं मवाळ-कट्टर तुमच्या घरी ठेवा, आमची पांदण सोडा

राजेहो, डोकं फिरायची पाळी आली आहे. पक्ष एक, झेंडा एक, चिन्ह एक, अन् गावात प्रचारकचेऱ्या दोन. एक बसस्टँडवर, दुसरी मारुतीच्या पाराजवळ. सकाळी सात वाजता एका गाडीचा भोंगा सुरू होतो, "सर्वांना सोबत घेऊन चालणारं नेतृत्व!" ती गाडी गल्लीतून निघत नाही तोच मागून दुसरी, "धर्मासाठी, संस्कृतीसाठी, मातीसाठी!" दोन्ही फ्लेक्सवर वरच्या रांगेत तेच पुढारी, एका कोपऱ्यात तुकडोजी महाराज, दुसऱ्यात गाडगेबाबा. खाली हात जोडून उभा असलेला माणूस तेवढा वेगळा. अन् जिल्हा परिषदेचं तिकीट अजून कोणालाच मिळालेलं नाही बरं का! विरोधी पक्षाचा उमेदवार कोण, हे गावात कोणाला माहीत नाही, कोणी विचारतही नाही. सगळी आग घरातल्याच माणसावर.

एकाला आम्ही साहेब म्हणतो, दुसऱ्याला भाऊ. नावं घेत नाही. वऱ्हाडातल्या कोणत्याही सर्कलमध्ये, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघात जा, ही जोडी सापडते. साहेब मवाळ. सोसायटी, खरेदी-विक्री, एक ज्युनिअर कॉलेज, असा जुना पसारा. उरुसाला चादर, बुद्धजयंतीला पांढरे कपडे, सप्त्यात काल्याच्या कीर्तनाला पहिली रांग. भाऊ कट्टर. शोभायात्रा, डीजे, कपाळभर टिळा, अन् गावातल्या पोरीनं जीन्स घातली तरी याला संस्कृती बुडताना दिसते. साहेबांच्या माणसांना भाऊ बिनकण्याचे म्हणतो. भाऊच्या पोरांना साहेब हुल्लडबाज म्हणतात, पण हळू आवाजात, कारण ती पोरं बूथवर लागतात.

याचा त्रास कसा होतो तो शिवजयंतीला पाहा. साहेबांची शिवजयंती १९ फेब्रुवारीला, शासनाच्या तारखेनुसार. भाऊची फाल्गुन वद्य तृतीयेला, तिथीनुसार. महाराज एकच, गाव एक, अन् वर्गणीची पावतीपुस्तकं दोन. तारखेला दिली तर तिथीवाले दारात उभे, "काका, तिकडं पाचशे दिले न, आमच्याइकडं हात आखडला?" तिथीला जास्त दिली तर साहेबांचा पुतण्या सोसायटीच्या कर्जाच्या वेळी डोळे मोठे करून पाहतो. हळदीकुंकू दोन, दहीहंडी दोन, दहावीच्या पोरांचा सत्कार दोन. एका पोरीनं पहिल्या सत्कारात शाल घेतली म्हणून दुसऱ्या सत्काराच्या यादीतून तिचं नाव कापलं. सोळा वर्षांची पोर ती, तिला काय माहीत कोणत्या गटाच्या शाली ऊबदार असतात!

बरं, हे सगळं सहन केलं असतं. गावात तमाशा नवा नाही. पण यांनी आमची पांदण, म्हणजे शेतात जायचा रस्ता खाल्ला.

आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारं, माती काळीभोर अन् खोल. पाऊस पडला की या मातीत पाय घातला तर चप्पल तिथंच राहते अन् माणूस पुढे जातो. बैलबंडी चाकाच्या आऱ्यांपर्यंत रुतते. अशा गावात पांदण रस्ता म्हणजे काय असतं ते शहरातल्या माणसाला कळायचं नाही. पेरणीला खत न्यायचं तर पांदण, फवारणीचं पाणी न्यायचं तर पांदण, माल घरी आणायचा तर पांदण. आमच्या शिवारातली पांदण मंजूर झाली. मातीकाम, वरून खडी-मुरूम, सगळं कागदावर बसलं. साहेबांनी भूमिपूजन केलं. कुदळीला रिबीन, नारळ, पेढे, "सर्व समाजघटकांच्या सहकार्यानं" असं भाषण. आठवडा गेला नसेल, भाऊ आला. त्याच पांदणीवर, वीस पावलं पुढे, दुसरा नारळ, दुसरी कुदळ, "आमच्या पाठपुराव्यामुळे" असा फलक अन् भगवी फित. पहिला फलक रात्री कोणीतरी मुळासकट उपटून नालीत टाकला. मग तक्रार. मग तक्रारीवर तक्रार. ठेकेदार कोणाचा यावरून खेचाखेच. एकानं वरून दबाव आणून काम थांबवलं, दुसऱ्यानं मुरमाच्या गाड्या अडवल्या. जो मुरूम पडला होता तो हळूहळू दोन्ही गटांच्या कार्यकर्त्यांच्या अंगणात गेला. त्या बाबतीत मात्र पूर्ण एकी!

सोयाबीन कापून गंजी लावली, अन् हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, शेतापर्यंत येईना. ड्रायव्हर पांदणीच्या तोंडावर उतरला, चिखलाकडे पाहिलं अन् म्हणाला, "काका, मशीन फसली तं भाडं कोन देईन?" त्याचं काही चुकलं नाही. तो परत गेला. वरून परतीचा पाऊस. ताडपत्री टाकली होती, पण वाऱ्यानं एक बाजू उचलली अन् पाणी आत शिरलं. गंजी उकलली तर आतल्या शेंगांना कोंब आलेले, हाताला गरम वाफ लागत होती, वास आंबूस.

२०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४८९२ रुपये क्विंटल. बाजारात चांगला मालसुद्धा चार हजारांच्या आसपास जात होता. माझा तर डागी. खरेदी केंद्रावर नेला तर ग्रेडरनं ओलावा मोजायची मशीन लावली. बारा टक्क्यांच्या आत पाहिजे, आला चौदा. "वाळवून आणा." कुठं वाळवू? घरासमोरच्या सिमेंट रोडवर साहेबांचा मंडप होता.

त्या दिवशी भाऊ केंद्रावरच होता. मला बरं वाटलं. म्हटलं, हा माणूस चौकात मोटरसायकलवरच्या पोरापोरीला थांबवून नाव-गाव विचारतो, मटणाच्या दुकानासमोर उभा राहून एकादशी आहे म्हणून शटर पाडतो, आवाज तर असा की पाराच्या घंटेला ऐकू जावा. हा आता ग्रेडरला धरेल. अन् भाऊनं काय केलं? दोन्ही हात पोटावर बांधून, मान तिरपी करून, "साहेब, पाहा न जरा, आपलाच माणूस आहे." ग्रेडर म्हणाला, नियम आहे. भाऊ म्हणाला, "बरोबर आहे साहेब, नियम तं नियम." संपलं. अबे, कट्टर तू फक्त आमच्या पोरांशी का? खुर्चीसमोर तुझ्याएवढा मवाळ माणूस मी पाहिला नाही.

अन् खऱ्या मवाळाची तऱ्हा ऐका. संध्याकाळी साहेबांकडे गेलो. चहा आला, बिस्किटं आली. साहेब म्हणाले, "वरिष्ठ पातळीवर चर्चा सुरू आहे, सबुरी ठेवा, टोकाची भूमिका घेऊन काही साधत नाही." पांदणीचं विचारलं तर तेच. विजेची डीपी जळाली तेव्हाही तेच होतं, पीक विम्याच्या वेळीही तेच. सबुरीवर पीक येत असतं तर वऱ्हाडात एवढ्या माणसांनी गळफास घेतला नसता. मवाळ म्हणजे सगळ्यांशी गोड बोलणं, हे कबूल. पण आमच्या वतीनं भांडायचं तेव्हाही गोडच बोलणार असाल तर तुमच्यापेक्षा जिलेबीवाला बरा.

आता कोणी म्हणेल, पक्षात दोन विचार असणारच. असावेत न! आमच्याच अमरावतीत याहून मोठं भांडण होऊन गेलं. दादासाहेब खापर्डे अन् रावबहादूर मुधोळकर, दोघंही अमरावतीचे वकील, दोघंही काँग्रेसचे. १८९७ चं अधिवेशन अमरावतीत भरलं तेव्हा खापर्डे स्वागताध्यक्ष होते. पुढे ते टिळकांचे खंदे साथीदार झाले, जहालांत गेले. मुधोळकर मवाळांत राहिले अन् १९१२ ला बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. १९०७ चं अधिवेशन तर नागपूरला व्हायचं होतं. तिथला जहालांचा जोर पाहून ते सुरतेला नेलं, अन् सुरतेत खुर्च्या उडाल्या, जोडा उडाला, पक्ष फुटला तो १९१६ ला लखनौत जुळला. तेव्हा तेही काही हळदीकुंकू नव्हतं. पण बहिष्कार किती ताणायचा, स्वराज्य कसं अन् केव्हा मागायचं, यावर ती माणसं तुटली. यांच्या भांडणात असा एक मुद्दा दाखवा, मी आत्ता फ्लेक्स बांधायला येतो.

मुद्दे नाहीत असंही नाही, अन् याचाच राग जास्त आहे. गावात कोणी काय खावं, पोरीनं कोणाशी लग्न करावं, उरुसाला जायचं की नाही, यावर दोघांचं खरंच पटत नाही. माझं विचाराल तर त्यात मी साहेबांच्या बाजूनं आहे, लपवत नाही. पण साहेब हे स्टेजवर कधी बोलले? भाऊची पोरं मटणवाल्याचं शटर पाडत होती तेव्हा साहेब कुठं होते? "दोन्ही बाजूंनी संयम ठेवावा" असा मेसेज ग्रुपवर टाकून मोकळे. एक बोलतो ते चुकीचं, दुसरा बरोबर असून बोलत नाही, अन् दोघं मिळून भांडतात ते ठेकेदारावर.

अन् आम्हाला विचारतं कोण? अमेरिकेत पक्षातलं असं भांडण मतदारापुढं जातं, त्याला प्रायमरी म्हणतात. १९६४ ला रिपब्लिकन पक्षात रॉकफेलर मवाळांचा अन् गोल्डवॉटर कट्टरांचा. जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या प्रायमरीत लोकांनी मतं टाकली, गोल्डवॉटर जिंकला, उमेदवार झाला, अन् नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सनकडून सपाटून आपटला. बरं झालं की वाईट ते त्यांचं ते पाहोत, पण भांडण उजेडात तरी झालं. इथं? इथं शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत बंद पाकिटातून पक्षाच्या उमेदवारीचा ए-बी फॉर्म येतो. कोणी दिला, काय पाहून दिला, किती घेऊन दिला, देवाला ठाऊक. साहेब-भाऊ दोघंही तोवर फॉर्म भरून बसतात. ज्याचं पाकीट येत नाही तो बंडखोर. मग तोच माणूस अपक्ष उभा राहतो, कपबशी नाही तर शिलाई मशीन घेऊन, अन् धर्म, संस्कृती, माती सगळं त्या कपबशीत ओतून दारोदार फिरतो.

महिला राखीव सर्कल निघालं की तर विचारूच नका. मवाळाची सून विरुद्ध कट्टराची बायको. फ्लेक्सवर नवऱ्या-सासऱ्यांचा फोटो फूटभर, उमेदवार बाईचा पासपोर्ट साइज. या एका ठिकाणी दोन्ही विचारधारा अगदी गळ्यात गळे घालून चालतात. बाई सभेत माईकसमोर उभी राहते, "मी जास्त काही बोलत नाही" म्हणते, अन् खरंच बोलत नाही.

मधली कित्येक वर्षं तर निवडणूकच नव्हती. २०१७ ला निवडून आलेल्या राज्यातल्या २५ जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ ला संपली अन् प्रशासक बसले. तेव्हा ना साहेब दिसले ना भाऊ. पांदणीवर एक कुत्रं फिरकलं नाही. आता निवडणुकीचा वास लागला तर दोघंही फोन करून राहिले. परवा साहेबांचा माणूस आला, "रॅलीला ट्रॅक्टर पाहिजे, डिझेल आम्ही टाकतो." काल भाऊची पोरं आली, "काका, शोभायात्रेला ट्रॉली द्या, मूर्ती ठेवायची आहे." दोघांनाही एकच सांगितलं. ट्रॅक्टर मिळेल, ट्रॉली मिळेल, माझं मतही मिळेल. आधी पांदणीच्या कामाचा आदेश दाखवा, मोजमाप पुस्तिकेची झेरॉक्स आणा, अन् उचललेल्या मुरमाचा हिशेब द्या. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिली. एक म्हणालं, "काका, तुम्ही तिकडचे झाले वाटते." साहेबांचा माणूसही जाताना हेच म्हणून गेला होता.