‘ईट लाइक अ बर्ड’ म्हणजे भरपूर खाणे? नाही!

फोंड्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतो आहे: ‘ईट लाइक अ बर्ड’चा खरा अर्थ भरपूर खाणे, कारण पक्षी वजनाच्या मानाने खूप खातात, शाळेत चुकीचं शिकवतात. मीही तो सोमवारी पुढे पाठवला होता. माझी चूक झाली, म्हणून हा खुलासा.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही शब्दकोशांत मी पाहिलं. अर्थ एकच: अगदी थोडं खाणे. म्हणजे शाळेत शिकवलेलंच बरोबर आहे.

मेसेजमधली पक्ष्यांची माहिती मात्र खोटी नाही, म्हणूनच तो पटतो. छोट्या पक्ष्यांचं शरीर ऊर्जा फार वेगाने जाळतं. परसातल्या जास्वंदीवर येणारा शिंजीर दिवसभर मध पीत हिंडतो तो त्यासाठीच. उलट पाचशे किलोचा घोडा दिवसाला साधारण दहा किलो कोरडा चारा खातो, वजनाच्या जेमतेम 2 टक्के. तरी ‘ईट लाइक अ हॉर्स’ म्हणजे भरपूर खाणे! वाक्प्रचार शास्त्रावरून नव्हे, डोळ्यांना जे दिसतं त्यावरून घडतात. ताटभर शीतकडी समोर असताना पोर चार शितं चिवडून उठलं, तर आपणही ‘चिमणीसारखं खातं’ म्हणतोच ना?

दहावीची मुलं मेसेजमधला चुकीचा अर्थ पेपरात लिहितील, याची मला खरोखर काळजी वाटते. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच गटात हा खुलासा टाका.