‘फोन माझा, संदेशही माझे’: चौकशी आयोगापुढे हे का चालत नाही

सरकारी कारभाराची चौकशी सुरू होते, आयोग मंत्र्यांचे आणि अधिकाऱ्यांचे व्हॉट्सॲप संदेश मागतो आणि लगेच एक मजकूर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: फोन वैयक्तिक, म्हणून संदेशही वैयक्तिक. कामाचं काय ते अधिकारी स्वतःच निवडून देतील. सगळंच मागितलंत तर उद्या कुणी मोकळेपणाने सल्ला देणार नाही. आणि संदेश पुसले गेले असतील तर आणायचे कुठून? हा मजकूर पुढे पाठवणारे बरेच जण प्रामाणिक आहेत, खासगीपणाची त्यांची काळजीही खरी आहे. पण हे मुद्दे टिकत नाहीत.

आधी फोनचं बघू. घरून आणलेल्या वहीत आदेश लिहिला म्हणून तो घरगुती होत नाही. भारताच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मध्ये अभिलेखाच्या व्याख्येत फाइल आणि हस्तलिखितांबरोबर संगणकाने किंवा इतर कोणत्याही उपकरणाने तयार झालेलं कार्यालयाचं साहित्यही येतं. उपकरण कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न त्या व्याख्येत नाहीच. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ च्या कलम ४ नुसार आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार मिळतात: साक्षीदाराला बोलावणं, कागदपत्रं हजर करायला लावणं, कोणत्याही कार्यालयातून अभिलेख मागवणं.

कायद्याहूनही मला महत्त्वाची वाटते ती फाइल. टिपणीत एक ओळ असते: ‘चर्चेनुसार सादर’. खाली सही, तारीख. चर्चा काय झाली, कोण काय म्हणालं, कुणाचा विरोध होता, यातलं काहीच तिथे नसतं. पूर्वी ती चर्चा दालनात व्हायची, आता ती बऱ्याचदा फोनच्या पडद्यावर होते. तो पडदा वगळला तर आयोगाच्या हातात फक्त निर्णय उरतो, निर्णयामागचं कारण नाही.

‘कामाचं ते आम्हीच निवडून देऊ.’ सगळ्यांत घातक मुद्दा हाच, कारण तो ऐकायला समंजस वाटतो. ब्रिटनमध्ये यावरूनच सरकार कोर्टात गेलं. कोविडकाळातल्या निर्णयांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या अध्यक्ष, माजी न्यायाधीश हेदर हॅलेट यांनी २८ एप्रिल २०२३ रोजी कॅबिनेट ऑफिसला, म्हणजे पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाचं काम सांभाळणाऱ्या सरकारी खात्याला, नोटीस दिली. माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि त्यांचे एक सल्लागार यांचे जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२२ मधले व्हॉट्सॲप संदेश, शिवाय जॉन्सन यांच्या डायऱ्या आणि वह्या, काहीही न खोडता द्या, असं तिच्यात होतं. यातला काही भाग चौकशीशी उघडउघड असंबद्ध आहे आणि तो मागायचा अधिकारच आयोगाला नाही, असं कॅबिनेट ऑफिसचं म्हणणं. जॉन्सन स्वतः संदेश द्यायला तयार होते, अडून बसलं ते सरकार.

६ जुलै २०२३ रोजी उच्च न्यायालयाने सरकारचा दावा फेटाळला. एवढा मोठा साठा मागितला की त्यात काही असंबद्ध मजकूर येणारच, तेवढ्याने नोटीस बेकायदा ठरत नाही. हरकत असेल तर तसा अर्ज अध्यक्षांकडे करावा, निर्णय त्यांनी करावा. मला हे पूर्ण पटतं. समजा, एका रात्री कुणी ‘उद्या बघू’ एवढाच संदेश पाठवला. निवडणाऱ्याला तो निरर्थकच वाटेल, त्यात त्याची लबाडी असेलच असं नाही. पण त्याच संध्याकाळी दुसऱ्या खात्यातून धोक्याचा इशारा आला होता, हे आयोगाला माहीत असेल तर त्या दोन शब्दांचं वजन बदलतं. ज्याच्या निर्णयाची तपासणी चालू आहे त्यानेच पुरावा चाळायचा, ही पद्धत आपण दुसऱ्या कुठल्याही चौकशीत मान्य करणार नाही.

खासगीपणाचं काय? आयोगाला देणं आणि जगजाहीर करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. घरातलं आजारपण, मुलांच्या गोष्टी, तिसऱ्याच माणसाचा पत्ता हे प्रसिद्धीआधी झाकता येतं. ब्रिटनच्या २००५ च्या चौकशी कायद्यात त्यासाठी प्रसिद्धीवर निर्बंध घालण्याची तरतूद आहे. झाकायचं जरूर, पण आयोगाने पाहिल्यानंतर.

‘मग मोकळेपणाने कोण बोलेल?’ हा युक्तिवाद आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८१ मध्येच झाला. एस. पी. गुप्ता खटल्यात कायदामंत्री, दिल्लीचे मुख्य न्यायमूर्ती आणि सरन्यायाधीश यांच्यातला पत्रव्यवहार उघड करायला सरकारचा विरोध होता. न्यायालयाने तो खुला करायला लावला. उघड होण्याच्या भीतीने उच्चपदस्थ माणसं स्पष्ट मत द्यायचं सोडतील, हे न्यायालयाला पटलं नाही. ब्रिटनचे तेव्हाचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार पॅट्रिक व्हॅलन्स कोविडकाळात दिवसाअखेर स्वतःच्या मनःस्वास्थ्यासाठी नोंदी लिहीत. त्या कुणी वाचाव्यात असा त्यांचा हेतूच नव्हता. तरी त्या आयोगाकडे गेल्या आणि साक्षींमध्ये वाचल्या गेल्या. इतकं व्यक्तिगत लेखन पुढे येऊ शकतं, तर कामाच्या गटातले संदेश का नाहीत?

राहिलं पुसलेल्या संदेशांचं. चुकून गेलेला संदेश आणि ठरवून पुसलेला संदेश एकाच मापाने मोजता येत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या याच कोविड आयोगाच्या स्कॉटलंडमधल्या सुनावणीत तिथल्या सरकारचे आरोग्यविषयक सल्लागार, राष्ट्रीय क्लिनिकल संचालक जेसन लीच यांचा एक संदेश समोर आला: व्हॉट्सॲप पुसणं हा झोपण्याआधीचा नित्यविधी. ते बोलणं सहज, हलकेपणाने केलेलं होतं, असं त्यांनी सांगितलं. कोविडकाळात स्कॉटलंड सरकारच्या प्रमुख असलेल्या निकोला स्टर्जन यांनीही आपले संदेश राखले नसल्याचं कबूल केलं. ज्यांची माणसं त्या साथीत गेली त्यांनी हे ऐकलं, त्यांना काय वाटलं असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

ब्रिटनच्या कायद्यात चौकशी चालू असताना संबंधित कागद जाणूनबुजून लपवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे. नोटीस आली की संदेश आपोआप पुसण्याची सोय बंद करायची, फोन बदलायचा असेल तर आधी संपूर्ण प्रत काढून ठेवायची. एवढं काम कोणत्याही कार्यालयाला एका दिवसात जमण्यासारखं आहे.