गुंतवणूकदाराला मेल पाठवण्याआधी त्याच्या फंडाचं गणित मांडून बघा

‘कल्पना आवडली, पण आत्ता जरा लवकर होतंय. संपर्कात राहू या.’ स्टार्टअपसाठी पैसे उभे करायला निघालेल्या जवळपास प्रत्येकाला हे उत्तर कधी ना कधी येतं. त्यावर महिनोन्‌महिने आस लावून बसलेली हुशार माणसं बघितली की जीव तुटतो, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

व्हेंचर कॅपिटलवाला, म्हणजे हिस्सा घेऊन स्टार्टअपमध्ये पैसे लावणारा, मुख्यतः दुसऱ्यांचा पैसा लावतो. पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी, श्रीमंत कुटुंबं त्याच्याकडे साधारण १० वर्षांसाठी पैसे देतात; असा जमलेला निधी म्हणजे त्याचा फंड. रूढ करार ‘२ आणि २०’चा: दरवर्षी निधीच्या २ टक्के फी आणि झालेल्या नफ्यात २० टक्के वाटा. फी घर चालवते, पण खरी कमाई त्या वाट्यात असते.

आता १० कोटी डॉलरचा फंड धरा. तो तिप्पट करायचा तर ३० कोटी परत यायला हवेत. तुमच्या कंपनीत शेवटी त्याचा १० टक्के हिस्सा उरला आणि कंपनी ५ कोटींना विकली गेली, तर त्याच्या हाती येतात ५० लाख. तुमचं आयुष्य बदललं. त्याच्या फंडाचा मात्र जेमतेम अर्धा टक्का वसूल झाला! बहुतेक गुंतवणुकी बुडणार हे त्याने आधीच धरलेलं असतं, त्यामुळे एकटीच सगळा फंड भरून काढेल अशी कंपनी तो शोधत असतो. हे आजचं नाही. अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट ही १९४६ सालची या धंद्यातली अगदी सुरुवातीची कंपनी. तिने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले आणि त्या एका गुंतवणुकीने बाकी सगळ्या झाकोळून टाकल्या.

म्हणजे तुमचा धंदा चांगला, नफ्यातला, सावकाश वाढणारा असेल तर नकार तुमच्या लायकीला नसतो. तिथे ग्राहकांचा पैसा किंवा कर्ज हाच सरळ रस्ता, आणि त्यात काडीचाही कमीपणा नाही.

पण मग तो स्पष्ट ‘नाही’ का म्हणत नाही? कारण ‘बघू’ म्हणायला त्याला काहीच पडत नाही. ‘नाही’ म्हटलं आणि उद्या तुम्ही मोठे झालात तर दार बंद झालेलं असतं. एअरबीएनबीचे ब्रायन चेस्की यांनी २००८ मधली नकाराची पत्रं २०१५ मध्ये जाहीर केली. २००८ मध्ये कंपनीचं मूल्य फक्त १५ लाख डॉलर धरून पैसे मागितले होते. बेसेमरसारखी जुनी व्हेंचर कॅपिटल फर्म तर हातून निसटलेल्या कंपन्यांची यादी स्वतःच जाहीरपणे मांडते. ही हुरहुर प्रत्येक गुंतवणूकदाराच्या मनात असते, आणि ती सांभाळण्याची किंमत तुम्ही तुमच्या वेळेने मोजता. माझ्या मते हे अन्यायाचं आहे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने दोन ओळींत नकार द्यायलाच हवा.

तोवर आपल्या हातात काय आहे? मेल फोनवर एका नजरेत वाचून होईल एवढाच ठेवा. कोणासाठी काय करता, आजवर काय घडलं (आकड्यांत), किती पैसे हवेत आणि त्यातून पुढचं काय सिद्ध होईल, बस. ‘मार्गदर्शनासाठी अर्धा तास द्याल का’ असं लिहू नका, त्यात त्याला निर्णय घेण्यासारखं काही नसतं. गोपनीयतेच्या करारावर सही तर पहिल्या भेटीत मागूच नका. ओळख शक्यतो त्यानेच पैसे लावलेल्या एखाद्या फाउंडरकडून करून घ्या आणि त्याला तसाच पुढे पाठवता येईल असा मजकूर तयार करून द्या. त्याचे कष्ट वाचले की मेल आज जातो, नाहीतर राहून जातो.

भेट झाली की संकोच न करता दोन गोष्टी विचारा. एक, निर्णय कोण घेतं? असोसिएट (फर्ममधला कनिष्ठ माणूस) तुम्हाला थांबवू शकतो, पण होकार बहुतेक वेळा पार्टनरच (फर्मचे भागीदार) देतात. दुसरं, हा फंड कधी सुरू झाला आणि नव्या कंपन्यांसाठी त्यात किती पैसे उरलेत? सहाव्या-सातव्या वर्षातल्या फंडाचा उरलेला पैसा बहुतेक आधीच्या कंपन्यांसाठी राखून ठेवलेला असतो. उत्तर गुळमुळीत आलं, तर त्याच दिवशी यादीतल्या पुढच्या नावाला लिहा.