गिरणी गेली, पीठ राहिलं

जुन्या नाशकात, मेनरोडच्या आतल्या बोळांत, वाड्यांच्या तळमजल्यावर १० बाय १२चे गाळे असतात. एकेका गाळ्यात आजोबांची पिठाची गिरणी, मग एसटीडी बूथ, मग सायबर कॅफे होऊन गेलेलं असतं. आता मोबाइलची कव्हरं नाहीतर चहा. पाटी बदलली की धंदा बदलला असं ज्याला वाटतं, त्याने गाळा कधी ताब्यात घेतलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो.

गिरणी उचलली तरी तिचे फाउंडेशनचे बोल्ट कोब्यातून डोकं वर काढून बसतात. ग्राइंडरने कापून वर टाइल लावली, की ओल लागून ते गंजतात, फुगतात आणि टाइलला मधोमध तडा देतात. कोबा फोडून मुळासकटच काढा. मोटारीखाली तेल मुरलेलं असतं, त्यावर सिमेंट धरत नाही. टाइल पोकळ वाजते. तेवढा भाग २ इंच उकरायचा. आणि पीठ! ते भिंतीच्या चुन्यात जाऊन बसलेलं असतं. वरून थेट रंग मारलात तर पावसाळ्यात पापुद्रे सुटतात आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. आधी तारेच्या ब्रशने खरवडा, मग प्रायमर.

पूर्वी दाराला फळ्या होत्या. खोबणीत सरकवायच्या, प्रत्येकीवर आकडा. पाचवी सहावीच्या जागी गेली की शेवटची बसायचीच नाही. मग शटर आलं. ते जड झालं की जो तो गाईडमध्ये ग्रीस थापतो, ग्रीसला धूळ चिकटते, शटर आणखी जड. दुखणं बहुधा वरच्या स्प्रिंगचं असतं. तिचा ताण कारागिराकडूनच भरून घ्या, हाताची हाडं परवडणारी नाहीत.

रस्ता मात्र दर डांबरीकरणाला वर चढतो. आजोबांकडे गिऱ्हाईक दोन पायऱ्या चढून यायचं, नातवाकडे दोन उतरून येतं. उंबऱ्याला ६ इंचांचा कट्टा घाला आणि प्लगपॉइंट छातीच्या उंचीवर घ्या. सराफ बाजाराच्या बाजूला असाल, तर पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीला, म्हणजे गोदावरीचा पूर ज्यावरून मोजतात त्या मूर्तीला, पाणी कुठवर लागलं हे विचारणं दुकानदारीतच धरायचं.

मीटर अजून आजोबांच्या नावावर, आणि दर गिरणीचा. त्याच दरात चहा उकळलात, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. जुन्या भाडेकरूचं भाडं महिना १५० असेल तर कायद्याची वर्षाला ४ टक्के वाढ म्हणजे महिन्यामागे ६ रुपये. त्यासाठी मालक तोंड उघडत नाही. पण त्याच्या लेखी संमतीवाचून पक्कं बांधकाम केलंत, तर गाळा खाली करून मागायला त्याला कारण मिळतं, आणि तेव्हा तो वकिलासकट बोलतो.

एवढं निस्तरून चहाची झगमगीत पाटी लागते. समोरचा टेलर फोनवर पत्ता सांगतो, "गिरणीच्या समोर या." आणि लोक बरोबर पोहोचतात.