मातीत जाताना घ्यायची काळजी

बातमी सांगताना आधी शब्द सांभाळा. रंकाळ्यावर फिरायला आलेल्या चार ओळखीच्या माणसांना तुम्ही भारावून "मी आता मातीकडं चाललोय" असं सांगितलंत, तर चौघेही चालायचे थांबतील आणि त्यातला वयानं मोठा हळूच विचारेल, "कोण गेलं?" आपल्याकडं मातीला जायचं ते एकाच कामासाठी, तेही टॉवेल खांद्यावर टाकून आणि अर्ध्या दिवसाची रजा काढून. त्यापेक्षा "निसर्गाधारित सामूहिक जीवन" असं काहीतरी म्हणा. कुणाला कळणार नाही, पण कुणी सांत्वनही करणार नाही.

तर तुमचं ठरलंय. ताराबाई पार्कातला फ्लॅट भाड्यानं द्यायचा (विकायचा नाही, पृथ्वीवर श्रद्धा असावी पण इतकीही नाही) आणि गगनबावड्याच्या बाजूला दहा-बारा समविचारी माणसांनी वसवलेल्या वस्तीत राहायला जायचं. एकच चूल, मातीची घरं, विषमुक्त शेती, पौर्णिमेला गोल करून बसायचं, आणि देव एकच, पृथ्वी. छान विचार आहे. फ्लॅटला भाडेकरू मिळत नसेल तर मला सांगा.

"पृथ्वी कुणाच्या मालकीची नाही, आपण सगळी तिची लेकरं" हे वाक्य पाठ करून ठेवा. पहिल्या बैठकीत लागतं. दुसऱ्या बैठकीत तलाठी लागतो. १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ सांगतं, की जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे लेकरं असाल, पण वारसनोंद दाखवा. मग बारा जणांत असा एक शोधायचा, ज्याच्या आजोबांनी कागलला नाहीतर शिरोळला पाच-सात गुंठे मागं ठेवलेत आणि ज्याचं नाव चुलत्यांनी अजून सातबारावरून उडवलेलं नाही. त्यानं कोळपं जन्मात बघितलेलं नसेल. असू दे. त्याला जपा. वस्तीत सगळ्यांनी अहंकार सोडायचा असतो, त्याचा मात्र कुणी सोडायला लावू नका, कारण भोगवटादाराच्या रकान्यात तो एकटाच आहे. सकाळी तो "आज आतून बरं वाटत नाही" म्हणाला की उरलेल्या अकरा जणांच्या पोटात गोळा येतो. बाराही जणांच्या नावे तुकडे पाडून घेऊ म्हणाल, तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा वाट बघत बसलेलाच आहे.

जमीन झाली की मोजणीचा अर्ज टाका. वस्तीतलं कुणीतरी म्हणेल, मोजणी म्हणजे पृथ्वीवर अविश्वास. त्याला म्हणावं, पृथ्वीवर विश्वास आहे, तात्यांवर नाही. प्रत्येक वस्तीच्या बांधाला एक तात्या असतोच. माणूस देवासारखा. अडीअडचणीला आधी तोच धावून येणार, आणि दर वर्षी नांगरताना नांगराचं एकच तास, म्हणजे फाळाची एक रेघ, तुमच्या बाजूला सरकणार. तुम्ही बांधावर ऊर्जा धरून ठेवणारे दगड मांडाल. तात्या ते उचलून नीट रचून ठेवतील, एक तास अलीकडं.

गावात कुणी "हे काय नवीन खूळ?" म्हटलं तर बावरू नका, परंपरा सांगा. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर फिंडहॉर्नला १९६२ साली तीन मोठी माणसं मुलांना घेऊन एका कॅराव्हॅनमध्ये राहायला आली. त्यांनी वाळूत भाजी लावली आणि झाडांच्या देवतांशी बोलून बोलून अवाढव्य कोबी पिकवला म्हणतात. पाँडिचेरीजवळचं ऑरोविल २८ फेब्रुवारी १९६८ ला सुरू झालं, तेव्हा १२४ देशांची मूठमूठ माती एका कमळाकृती कलशात घातली गेली. तात्या हे सगळं तंबाखू मळत शांतपणे ऐकून घेतील आणि विचारतील, "एकशेचोवीस जणांची माती एकत्र केलीसा, मग बांध कुठनं धरायचा?"

आता शिंग. हा भाग नीट वाचा, कारण गावात तुमची ओळख यानंच होणार आहे. १९२४ च्या जून महिन्यात रुडॉल्फ श्टायनर यांनी कोबरविट्झला, म्हणजे आजच्या पोलंडमध्ये, शेतीवर आठ व्याख्यानं दिली आणि त्यातून बायोडायनॅमिक शेती निघाली. तिचं एक औषध असं आहे: व्यालेल्या गाईचं शिंग घ्यायचं, त्यात शेण ठासायचं, थंडी सुरू व्हायच्या आधी पुरायचं आणि हिवाळा सरला की उकरायचं. आतलं थोडंसं खत पाण्यात घालून तासभर ढवळायचं. भोवरा पडला की उलटं, परत भोवरा पडला की सुलटं. तुम्ही ढवळत असताना तात्या येणारच.

"पाव्हणं, ह्ये काय पुरलासा?"

"शिंग. विश्वातल्या शक्ती खेचून घेतं."

"म्हशीचं चालंल का? आमच्यात दोन पडल्यात."

इथं चूक करू नका. गाईचंच लागतं, म्हशीच्या शिंगाला ते जमत नाही, असं तुम्ही सांगून बसाल. ज्या जिल्ह्यात माणसं संध्याकाळी गंगावेशीला उभी राहून म्हशीचं धारोष्ण दूध पितात, तिथं म्हशीला विश्वातून वगळणं बरं नव्हे. पुढचे आठ दिवस तात्या बोलायचे नाहीत. तुम्हाला दूध द्यायचेही बंद होतील, पण त्यानं काही अडत नाही. वस्तीचं म्हणणंच असं आहे, की दूध काढणं हे गाईचं शोषण आहे. शेण मात्र ती स्वखुशीनं देते.

शिंग जमलं नाही तर देशी उपाय आहे. सुभाष पाळेकरांचं जीवामृत: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. गूळ मिळण्याची काळजी कोल्हापुरात कुणाला नसते. पिंप स्वयंपाकघराच्या वाऱ्याला ठेवू नका, एवढंच. अडचण आहे ती शेवटच्या मुठीची. माती बांधावरचीच हवी, आणि बांध कुणाकडं सरकलाय ते वर सांगितलंच आहे.

सणांचा प्रश्न सोपा वाटतो, पण तिथं पाय घसरतो. पृथ्वीपूजक मंडळींचं एक आठ आऱ्यांचं वर्षचक्र असतं. दोन अयनं, दोन विषुवदिनं आणि मधले चार सण. त्यातला इम्बोल्क १ फेब्रुवारीच्या सुमाराचा, तिकडच्या मेंढ्यांना दूध सुटतं तेव्हाचा. तुम्ही माळावर मेणबत्त्या लावून तो कराल. त्याच संध्याकाळी अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं गाभाऱ्यात कुठवर पोचतात हे बघायला सगळं कोल्हापूर माना उंचावून उभं असतं. सूर्य पश्चिमेकडून वाटेतल्या इमारती चुकवत चुकवत येतो, आणि किरणं चरणाशी थांबली की खांद्यापर्यंत गेली यावर दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर वाद होतो. पण ते तुम्हाला चालणार नाही. तिथं गर्दी असते, आणि गर्दीत ओळखीची माणसं असतात.

खरं सांगायचं तर पृथ्वी पुजायला या जिल्ह्यात जागा कमी नाहीत. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की ते घागरीतून टेंबलाईला नेतात, 'पी ढबाक'च्या तालावर, सगळी गल्ली मागं. बेंदराला कुंभाराकडची मातीची बैलं घरात येतात. नागपंचमीला कुणी जमीन उकरत नाही. तालमीतल्या हौद्याच्या मातीला ताक, हळद, तेल, लिंबू पाजतात आणि ती कपाळाला लावल्याशिवाय पोरगं लांग बांधत नाही. पावसाला तर नात्यातल्यासारखी नावं आहेत. पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहनसुद्धा दिलेलं असतं, यंदा बेडूक की गाढव यावर शेतकरी मान हलवतो. देवरायांत वाळकं लाकूड उचलायलाही माणसं बिचकतात. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात या राया पालथ्या घालून त्यांचं शास्त्र मांडलं. (गाव म्हणजे काही संतांचा मेळा नाही. याच देवाच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून डोकी फुटतात, आणि काही रायांत बाईनं पाऊल टाकायचं नाही असा नियम अजून आहे. हे कुणी सांगितलं नाही तर मीच सांगतो.) पण यात तुमच्यासाठी मोठी गैरसोय आहे. इथं धरतीमाता मिळते ती गोतावळ्यासकट. तिची नणंद आहे, भावकी आहे, मानकरी आहेत, वर्गणीची पावती आहे. तुम्हाला आई हवी, पण तिच्या माहेरची माणसं नकोत. म्हणून मेणबत्त्या ठीक.

लावणीला मात्र सुटका नाही. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढंमागं पाऊस पडतो, आणि मातीच्या घराची पहिली भिंत बहुधा तरण्यातच बसते. त्याच दिवसांत भाताचं रोप लावायला येतं. वस्तीत कामं मनापासून करायची असतात, म्हणून कोणी काय करायचं हे आधी सर्वांच्या संमतीनं ठरतं. त्यासाठी एक कोरीव काठी असते. ती ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. पहिल्या दिवशी काठी फिरली. दुसऱ्या दिवशी एकाच्या मनात चिखलाविषयी लहानपणापासून काही दडलेलं होतं, ते बाहेर आलं, आणि सगळे रडले. तिसऱ्या दिवशी तरव्यातलं रोप पिवळं पडायला लागलं. चौथ्या दिवशी काकी, म्हणजे तात्यांच्या मंडळी, डोक्यावर इरलं घेऊन बांधावर उभ्या राहिल्या. "काठी ठेवा खाली आनि सरका बाजूला," म्हणाल्या. मागं आठ बायका होत्या. दिवस मावळायच्या आत लावण संपली, वर गाणीही झाली.

तुम्ही मजुरीचं पाकीट पुढं कराल. घेणार नाहीत. "पैरा हाय. बेस्तरवारी आमच्या रानात आठ माणसं धाडा." पैरा कुठं लिहून ठेवत नाहीत आणि विसरतही नाहीत. त्यावर संमती घ्यायची नसते, नुसतं जायचं असतं. पण गुरुवारपासून तुमचा मौनाचा सप्ताह ठरलेला. मौनात असल्यामुळं येत नाही हे सांगताही आलं नाही. पैरा अंगावर राहिला.

गव्यांबद्दल थोडक्यात. राधानगरीच्या जंगलातले गवे वाट वाकडी करून येतात. पहिल्या रात्री तुम्ही हात जोडाल, दुसऱ्या रात्री गवे भात खातील, तिसऱ्या रात्री तुम्ही तात्यांकडं फटाके मागायला जाल. पंचनाम्याला वनखात्याचा माणूस आला, की सातबारावरचा गडी घरात आहे याची खात्री करा. नेमका त्याच आठवड्यात तो अंतर्मुख होऊन गोव्याला गेलेला असतो.

असं वर्ष-दीड वर्ष निघेल. बारातले सात राहतील. मग दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात एका पहाटे तात्यांची म्हातारी जाईल. वाडीतला एकही माणूस त्या दिवशी रानात जाणार नाही. लाकडं घराघरातून येतील, काठी न फिरवता. तुम्हालाही निरोप येईल, पैरा फेडला नव्हता तरी. जा. टॉवेल न्या. रंकाळ्यावर ज्या शब्दाचं हसं झालं असतं, त्याच कामाला आता खरोखर निघाला आहात.

रक्षाविसर्जनाला तुम्ही नदीवर जायच्या तयारीनं याल, पण मंडळी रानाकडं वळतील. जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांत आता तसं करतात. तात्या बांधावरच्या खड्ड्यात म्हातारीची रक्षा ओततील, वर शेणखत, वर आंब्याचं रोप. कुणी काही बोलणार नाही. तुमचा गळा दाटून येईल. दीड वर्ष जे शोधत होता ते हेच, असं वाटून तुम्ही दबक्या आवाजात विचाराल, "तात्या, ही कुठली पद्धत म्हणायची?"

"कसली पद्धत? नदी लांब पडती." आणि तांब्या तुमच्या हातात देतील. "घाला पानी."

पाणी घालायला वाकाल तेव्हा दिसेल. खड्डा जुन्या बांधापासून चांगली दोन तासं अलीकडं आहे, तुमच्या रानात. पाणी घाला. आणि सोमवारी तालुक्याला जाऊन मोजणीचा अर्ज मागं घ्या.