भाड्याची रायफल, घरचे बूट: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. उत्तराला आठ दिवस लागले. तुरीवर फवारणी चालू होती, आणि तुमची प्रतिक्रिया काही धुऱ्यावर बसून मोबाईलवर दोन ओळींत निपटवण्यासारखी नव्हती. नामिबियातल्या शिकारीसाठी रायफल आणि सामान कसं निवडलं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की घरी ३१५ बोरची रायफल असताना भाड्याची रायफल घेणं म्हणजे उसन्या शेरवानीत लग्न लावणं. कुडूसाठी (तिकडचं पिळाच्या शिंगांचं मोठं हरीण) .३०-०६ चं काडतूस कमजोर, त्याहून जोरदार .३०० मॅग्नमच पाहिजे. अर्धा लेख बूट-दुर्बिणीत वाया घालवला. आणि शेवटी टोला, "इकडे रोही (नीलगायी) वावर खाऊन राहिले अन् साहेब आफ्रिकेत!"

शेरवानीचं आधी घेतो. वरातीतली घोडीसुद्धा भाड्याचीच असते, त्यापायी कोणी लग्न मोडत नाही. आणि ती ३१५ माझी नाही, काकांची आहे. परवाना त्यांच्या नावाचा, पीक संरक्षणाचा. ती उचलून मी आर्णीच्या बाजारात जाऊ शकत नाही, विमानात कुठून नेणार? बरं, समजा माझीच असती. इथले कागद झाले की जोहान्सबर्गला रायफल आत नेण्यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांचा ५२० नंबरचा फॉर्म, कारण साडूकडे दोन दिवस मुक्काम होता. मग विंडहूकच्या विमानतळावर नामिबियाचा तात्पुरता परवाना. हे सगळं होतं, करणारे करतात. माझं खरं दुखणं काडतुसांचं आहे. आपल्या ३१५ ला लागतं ८×५० चं जुनं मॅनलिकर काडतूस. ईशापूरच्या रायफलीमुळे ते आपल्याकडे टिकलं. काडतुसांची पेटी वाटेत कुठे अडकली, तर तिथल्या कोणत्या दुकानात ते मागायचं? .३०-०६ मात्र १९०६ पासून जगभर चालतं आणि फार्मवर डब्यांनी पडलेलं असतं. भाड्याच्या रायफलीला त्याच काडतुसाचा नेम बांधलेला होता.

आता मॅग्नमचा मुद्दा, इथे मला जास्त बोलायचंय. नामिबियात गोळीची किमान ताकद कायद्यानंच ठरवून दिली आहे. स्प्रिंगबॉक या लहान हरणाला १३५० ज्यूल, कुडू आणि गेम्सबॉक या मोठ्या हरणांना २७००, रानम्हशीला ५४००. .३०-०६ ची १८० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची गोळी नळीतून निघते तेव्हा ३९०० च्या आसपास असते. म्हणजे कुडूसाठी भरपूर. एक चूक मात्र कबूल करतो. "तिथं सगळ्यासाठी .३०-०६ पुरते" असं मी लिहून गेलो होतो, ते चूक होतं, दुरुस्त केलंय. म्हशीला ती चालत नाही. पण भाऊ, तुमची .३०० विंचेस्टर मॅग्नमही ४७०० च्या आसपासच थांबते, तीही चालत नाही. तिथून पुढे .३७५ एच अँड एच लागते, ती १९१२ सालची म्हातारी अजून त्या कामावर आहे.

आणि .३०० मी चालवून पाहिली. साडूचीच होती. ओटीवारोंगोकडच्या त्या फार्मवर पहिल्या दिवशी दुपारी १०० मीटरवर कागद लावला. पहिल्या दोन गोळ्या ठीक गेल्या, तिसरी डावीकडे खाली. चौथ्या वेळी गाईडनं मला न सांगता चेंबर रिकामं ठेवलं. मी ट्रिगर दाबला, नुसतं 'खट्ट' झालं, आणि तरी नळी चार बोटं खाली गेली! खांदा धक्क्याला आधीच भ्यालेला होता. सगळे हसले, मीही हसलो. मग सायलेन्सर लावलेली .३०-०६ हातात दिली (तिकडे सायलेन्सर कायदेशीर आहे, इथे कोणी मनावर घेऊ नका). तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. आपल्याकडे मोठी रायफल वर्षातून किती वेळा चालवायला मिळते? ज्याला सराव नाही, त्यानं ताकद विकत घेतली की सोबत भीतीही घरी येते. तिथं जनावर जखमी होऊन निसटलं तरी पूर्ण पैसे लागतात, आणि पैशाचं सोडा, ते रात्रभर काट्यांत पडून राहतं.

म्हणून जायच्या आधी तीन महिने मी वेगळाच उद्योग केला. बांबूच्या तीन काड्या सायकलच्या ट्यूबनं बांधल्या आणि त्या तिकाट्यावर .१७७ ची एअर रायफल ठेवून उभ्यानं नेम धरला. १० मीटरवर रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका. हिशोब सरळ आहे, १०० मीटरवर तेच माप ताटाएवढं होतं, आणि कुडूचं काळीज-फुप्फुस त्याहून थोडं मोठंच. नर रोह्याच्याच वजनाचा असतो. माझ्या कुडूला गोळी मारली ती नव्वदेक मीटरवर, तशाच तिकाट्यावरून, पुढच्या पायाच्या रेषेत वर जाऊन छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात. चाळीस पावलं गेला आणि पडला. मांस फार्मवरच राहिलं, सुकवून त्याचं बिल्टाँग करतात. एक तुकडा खाल्ला, आमच्या घरच्या मसाल्याची आठवण आली.

बूट-दुर्बिणीबद्दल माघार नाही. चार दिवसांत जनावरावर रायफल चालली मोजून दोनदा. दुर्बीण दिवसभर डोळ्याला, आणि पाय पहाटेपासून. नवे बूट मी आधी दोन महिने पऱ्हाटीत घालून फिरलो, घरात सगळे टिंगल करायचे. तिथल्या रानात बोरीच्याच कुळातलं एक झाड आहे, त्याच्या नावाचा अर्थच 'थांब जरा' असा. एक काटा सरळ, एक वाकडा, अगदी आपल्या बोरीसारखं धरतं. साडूचं नायलॉनचं जॅकेट त्यात फरफर वाजत होतं, माझा जाड सुती शर्ट गप्प होता. फसलो ते थंडीत. आफ्रिका म्हणजे ऊन, असं धरून स्वेटर नेला नाही, आणि जुलैच्या पहाटे उघड्या गाडीत दात वाजले. त्या चार दिवसांचा सगळ्यात मोठा मूर्खपणा तोच.

राहिला रोह्यांचा टोला. १९७२ च्या कायद्यानं इथं शिकार बंद आहे. पीक नासवणाऱ्या रोही-रानडुकरासाठी वनखात्याची परवानगी काढावी लागते, आणि त्या अर्जाची गोष्ट तुमच्या गावात काही वेगळी नसेल. मी आफ्रिकेत गेलो नसतो तर माझी तूर वाचली असती, असं नाही. जायचा खर्च साडूनं केला, हेही सांगून टाकतो, नाहीतर पुढची प्रतिक्रिया त्यावर येईल.

दुर्बीण कोणती, हे तुम्ही मध्येच एका ओळीत विचारलंय. १०×४२, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची. सध्या ती घरी नाही, जागलीच्या माळ्यावर आहे. काल रात्री काकांनी तिच्यातून तुरीत अकरा रोही मोजले. चांदणं होतं म्हणून जमलं. बघायला या, पण सूर्य मावळायच्या आत पोहोचा, आणि पायात चप्पल घालून येऊ नका.